दार उघडले, जिना काढला : अमेरिकन दूरचित्रवाणी-लेखनातील काळाचे वाटप

१

गावच्या चावडीवर कोणाला किती वेळ बोलू दिले जाते, यावरून त्या गावाची रचना कळते. पाटील तासभर बोलतो आणि सगळे माना डोलावतात. वस्तीतून आलेला माणूस दोन वाक्ये बोलतो न बोलतो तोच 'मुद्द्याचं बोल' असे त्याला सुनावले जाते. जमिनीचे वाटप असमान असते, पाण्याचे असते, हे आपण जाणतो. पण काळाचेही वाटप असमान असते, याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. कोणाची कहाणी किती वेळ ऐकायची, हा निर्णय करणारी सत्ता ही साधी सत्ता नव्हे.

साहित्यात हा प्रश्न काहीसा झाकलेला राहतो. कवीला कागद पुरतो. कादंबरीकाराला दोनशे पाने लिहिता येतात किंवा सहाशेही लिहिता येतात. पुढे प्रकाशक मिळेल की नाही ही वेगळी गोष्ट. परंतु दूरचित्रवाणीवर काळ म्हणजे अक्षरशः पैसा. तिथे अर्ध्या तासाचा आणि तासाचा बाजारभाव ठरलेला असतो. वर्षातून किती भाग दाखवायचे हे लेखक ठरवत नाही. ते जाहिरातदार, वाहिनी आणि आता स्ट्रीमिंग कंपनी ठरवते. मग जे ठरेल त्या साच्यात लेखकाने माणसे बसवायची.

अमेरिकेत १९५५ च्या सुमारास एका मालिकेच्या एका वर्षाच्या पर्वात ३९ भाग असत. आज नावाजलेल्या मालिकेचे पर्व बहुधा ८ किंवा १० भागांचे असते. ३९ पासून ८ पर्यंतच्या या प्रवासात लेखनाचा घाट बदलला, लेखकाचे काम बदलले, त्याची मजुरी बदलली. तसेच कोण आत आले आणि कोण बाहेर राहिले, हेही बदलले. हा इतिहास आपण का समजून घ्यायचा? डॉ. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन समाजांच्या दुःखाचे साम्य नोंदवले. १९७२ साली मुंबईतल्या तरुणांनी ब्लॅक पँथर्सवरून आपल्या संघटनेचे नाव घेतले. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी तिथल्या काळ्या लेखकांच्या साहित्याची आणि संस्कृतीची ओळख मराठी वाचकाला करून दिली. तेव्हा हे नाते जुने आहे. मात्र आपण त्यांच्या कविता आणि आत्मकथने पाहिली. त्या समाजाला रोज रात्री गोष्ट सांगणाऱ्या माध्यमात लेखक मजूर म्हणून कसा जगला, तिकडे आपण फारसे पाहिले नाही.

२

३९ हा आकडा कलेतून आलेला नाही. तो कॅलेंडरातून आलेला आहे. वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे १३ आठवड्यांच्या चार तिमाह्या. रेडिओच्या काळापासून जाहिरातदार तिमाहीच्या हिशेबाने वेळ विकत घेत आला होता. तीन तिमाह्या नवे भाग आणि उन्हाळ्याच्या तिमाहीत पुनःप्रक्षेपण किंवा बदली कार्यक्रम, असा तो हिशेब. 'द हनिमूनर्स' या विनोदी मालिकेचे १९५५-५६ चे पर्व ३९ भागांचे होते. 'गनस्मोक' या गुराख्यांच्या मुलखातल्या मालिकेचे पहिले पर्वही तेवढेच.

एवढे भाग लिहायचे म्हणजे दर आठवड्याला एक संपूर्ण कथा लागते. म्हणून घाट असा ठरला की, भागाच्या सुरुवातीला जग जसे असेल तसेच ते भागाच्या शेवटी राहिले पाहिजे. शेरीफ संकटात सापडतो, संकट सोडवतो आणि पुढच्या आठवड्यात काहीच घडले नसल्यासारखा पुन्हा उभा राहतो. बदल घडू द्यायचा नाही हा तिथे लेखनाचा नियमच होता. एखादा भाग चुकला तरी प्रेक्षकाचे अडू नये, आणि पुढे भाग कोणत्याही क्रमाने दाखवता यावेत, ही त्यामागची व्यवहारी गरज होती. पण व्यवहारी गरजेतूनही विचारसरणी तयार होते. जग मुळात ठीक आहे, बिघाड तेवढा तात्पुरता असतो, हे वर्षातून ३९ वेळा सांगणारी ती व्यवस्था होती.

आता विचारू या की, या ३९ आठवड्यांत काळ्या माणसाला किती वेळ मिळाला? १९५१ साली 'एमॉस अँड अँडी' ही मालिका आली. पात्रे काळी, नट काळे. पण मूळ कल्पना दोन गोऱ्या रेडिओ-नटांची आणि विनोद काळ्या माणसाच्या तथाकथित मूर्खपणावर. 'एनएएसीपी' या संघटनेने तीव्र निषेध केला. १९५३ साली मालिका थांबली, पण तिचे जुने भाग १९६६ पर्यंत वेगवेगळ्या केंद्रांवरून दाखवले जात राहिले. अपमानाचेसुद्धा पुनःप्रक्षेपण होते आणि त्यावरही कोणीतरी कमावतो, हे इथे लक्षात घेतले पाहिजे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाची अमानुष हत्या झाली आणि आरोपी निर्दोष सुटले. रॉड सर्लिंग या गोऱ्या, ज्यू कुटुंबातून आलेल्या लेखकाला त्यावर नाटक लिहायचे होते. 'नून ऑन डूम्सडे' या नावाने ते एप्रिल १९५६ मध्ये दाखवले गेले, पण तोवर त्यातले सत्व काढून घेतलेले होते. दक्षिणेतल्या वर्णद्वेष्ट्या संघटना बहिष्कार घालतील या धास्तीने प्रायोजक आणि जाहिरातसंस्था यांनी घटनास्थळ उत्तरेकडच्या न्यू इंग्लंडमध्ये हलवले. मेलेला मुलगा काळा राहिला नाही, तो कोणीतरी परका झाला. पुढे १९५९ पासून सर्लिंगने 'द ट्वायलाइट झोन' या अद्भुतकथांच्या मालिकेचा आश्रय घेतला. तिचे १५६ पैकी ९२ भाग त्याने स्वतः लिहिले. जे माणसांच्या तोंडून बोलू दिले जात नव्हते, ते त्याने परग्रहवासीयांच्या तोंडून बोलून घेतले.

म्हणजे काळ भरपूर होता. वर्षाला ३९ आठवडे होते. पण त्यांत एमेट टिलसाठी एक तास नव्हता. 'पूर्वी पर्वे मोठी होती, तो सुवर्णकाळ होता' असे आज अनेक समीक्षक म्हणतात. त्यांना हे विचारले पाहिजे की, तो सुवर्णकाळ कोणाचा होता?

३

निर्मितीखर्च वाढत गेला तसे भाग कमी झाले. १९६६-६७ साली 'स्टार ट्रेक'चे पहिले पर्व २९ भागांचे होते. सत्तरच्या दशकात २२ ते २४ भाग हा प्रघात पडला आणि तो पुढे तीन-चार दशके टिकला. बावीस भाग एकदा नवे आणि एकदा पुनःप्रक्षेपित केले की वर्षातले बहुतेक आठवडे भरतात. इथेही कॅलेंडरच बोलते आहे.

परंतु या बावीस भागांच्या व्यवस्थेतून एक महत्त्वाची संस्था स्थिरावली. ती म्हणजे लेखकांची खोली. बावीस भाग एकट्याच्या हातून निघत नाहीत. मग सहा, आठ, दहा लेखक एका खोलीत बसत, भिंतीवरच्या फळ्यावर पर्वाची मांडणी करत, एकमेकांचे संवाद दुरुस्त करत. हे काम वर्षातून साधारण चाळीस आठवडे चाले. एकीकडे पहिल्या भागांचे चित्रीकरण सुरू असे, दुसरीकडे पुढचे भाग लिहिले जात असत. नवा लेखक चित्रीकरणाच्या जागी जाई, आपले वाक्य नटाच्या तोंडी कसे पडते ते ऐके, पैसा कुठे खर्च होतो ते पाही. खालच्या पायरीवरचा 'स्टाफ रायटर', मग 'स्टोरी एडिटर', मग निर्मात्याच्या निरनिराळ्या पायऱ्या आणि सर्वांत वर मालिका चालवणारा शोरनर, असा तो जिना होता. विद्यापीठाशिवाय शिकवणारी ती एक शाळा होती. दुसरा आधार होता पुनःप्रक्षेपणाच्या मानधनाचा. लेखक आणि नट यांनी १९६० साली संप केले. अशा लढ्यांतून पुनःप्रक्षेपणाच्या उत्पन्नात वाटा मिळवला गेला आणि पुढे वाढवला गेला. मालिकेचे शंभराच्या आसपास भाग झाले की ती इतर केंद्रांना विकली जाई, आणि काम नसलेल्या महिन्यांत लेखकाच्या घरी त्याचा धनादेश येई.

या शाळेत काळ्या लेखकांना प्रवेश मिळाला का? थोडासा मिळाला आणि तोही उशिरा. १९७४ साली 'गुड टाइम्स' ही मालिका आली. तिचे निर्माते-लेखक एरिक माँटी आणि माइक एव्हन्स हे दोघेही काळे. शिकागोच्या सरकारी वसाहतीत राहणारे गरीब काळे कुटुंब, कष्टाळू बाप, करारी आई, तीन मुले. अमेरिकेच्या पडद्यावर हे नवे होते. पण आठवड्यामागून आठवडा भाग पाडण्याच्या यंत्रात काय झाले ते पाहावे. थोरल्या मुलाच्या वेडगळ चाळ्यांना आणि त्याच्या एका ठराविक उद्गाराला प्रेक्षक हसतात हे दिसताच लेखन त्याच्याकडे वळले. आई-बापाच्या भूमिका करणाऱ्या एस्थर रोल आणि जॉन एमॉस यांनी उघड नाराजी व्यक्त केली. १९७६ मध्ये एमॉस यांना मालिकेतून काढले गेले आणि पडद्यावरचा बाप अपघातात मेला. रोल याही १९७७ मध्ये बाहेर पडल्या आणि काही काळाने परतल्या. गरिबीशी झुंजणाऱ्या कुटुंबाची कथा हळूहळू पुन्हा विदूषकाच्या कथेकडे सरकली. मोठे पर्व पात्राला वाढायला वेळ देते, हे खरे. पण हसणारा बहुसंख्य प्रेक्षक जिकडे ओढतो तिकडे ते पात्राला नेते, हेही तेवढेच खरे.

नेमक्या याच काळात एका छोट्या मालिकेने अमेरिकेला हादरवले. २३ ते ३० जानेवारी १९७७ अशा सलग आठ रात्री एबीसी वाहिनीने अॅलेक्स हेली यांच्या पुस्तकावरून केलेली 'रूट्स' दाखवली. आफ्रिकेतून पळवून आणलेला कुंटा किंटे आणि त्याच्या पुढच्या पिढ्या. शेवटचा भाग सुमारे दहा कोटी लोकांनी पाहिल्याचा अंदाज आहे. ही कथा ३९ किंवा २२ भागांच्या साच्यात बसणे शक्य नव्हते. कारण त्या साच्याची अटच अशी होती की, भागाच्या शेवटी जग पूर्ववत झाले पाहिजे. गुलामीचा इतिहास पूर्ववत होत नसतो. कापलेला पाय पुढच्या आठवड्यात परत येत नाही. इतिहासाला सुरुवात, मध्य आणि परिणाम असतो. त्याला आठवण असते. म्हणून इतिहास सांगायला मर्यादित, सलग आकृतीच लागली. छोट्या पर्वाचे हे सामर्थ्य 'रूट्स'ने त्याच वेळी सिद्ध केले होते. उद्योगाने मात्र त्यातून सणासुदीचा कार्यक्रम तेवढा घेतला. रोजची व्यवस्था तशीच राहिली.

४

बदल आला तो केबल वाहिन्यांमुळे. एचबीओसारखी वाहिनी जाहिरातींवर जगत नव्हती, वर्गणीवर जगत होती. तिला वर्षाचे सर्व आठवडे भरायचे नव्हते. वर्गणीदाराने वर्गणी बंद करू नये, एवढे तिला पुरेसे होते. १९९९ मध्ये 'द सोप्रानोज' १३ भागांचे आले. २००२ मध्ये बाल्टिमोर शहरावरचे 'द वायर' आले. त्याची पाच पर्वे झाली आणि २००८ पर्यंत एकूण ६० भाग. जुन्या हिशेबाने हे तीन वर्षांचेही काम नव्हे.

लेखनातील फरक इथे स्पष्ट दिसतो. जाहिरातीसाठी दर बारा-पंधरा मिनिटांनी कथेला आचका देण्याची गरज उरली नाही. भाग हा स्वतंत्र कथेऐवजी कादंबरीचे प्रकरण झाला. 'द वायर'ने पहिल्या पर्वात गांजलेली वस्ती आणि पोलीस, पुढच्या पर्वांत गोदी, नगरपालिका, शाळा, वृत्तपत्र अशी एकेक संस्था घेतली. व्यक्ती वाईट म्हणून नव्हे, तर संस्था अशा चालतात म्हणून माणसे चिरडली जातात, हे तिने दाखवले. मालिकेत काळ्या नटांना अभूतपूर्व वाव मिळाला. तरीही तिच्या लेखकांत बहुसंख्य गोरेच होते, ही नोंद केली पाहिजे. सहानुभूती आणि स्वानुभव यांतले अंतर दलित साहित्याच्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

५

२०१३ च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने 'हाउस ऑफ कार्ड्‌स'चे १३ भाग एकाच दिवशी उपलब्ध केले. आठवडा नावाची गोष्ट संपली. पुढे १३ चे १० झाले आणि १० चे ८. २०१४ मध्ये एचबीओच्या 'ट्रू डिटेक्टिव्ह'चे पहिले पर्व ८ भागांचे होते आणि त्या सर्व भागांचा लेखक एकच होता. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज'ची पाच पर्वे २०२५ च्या अखेरीस पूर्ण झाली. साडेनऊ वर्षांत ४२ भाग. 'गनस्मोक'ने एका वर्षात ३९ केले होते.

या काळात छोट्या पर्वाने काही बंद दारे उघडली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ८-१० भागांसाठी कंपनीला फार मोठा धोका पत्करावा लागत नाही. म्हणून एरवी आत न घेतलेल्या लेखकावर ती पैसे लावू लागली. २०१६ मध्ये डोनाल्ड ग्लोव्हर यांची 'अटलांटा' दहा भागांची आली. तिच्या पहिल्या पर्वाच्या खोलीतले सगळे लेखक काळे होते. २०१९ मध्ये 'वॉचमेन' नऊ भागांची आली. तिची सुरुवात १९२१ च्या टल्सा हत्याकांडाने होते. ओक्लाहोमातली काळ्यांची एक भरभराटीची वस्ती गोऱ्या जमावाने जाळली, हा इतिहास पाठ्यपुस्तकांनी दडपलेला होता. अनेक अमेरिकनांनी तो पहिल्यांदा पाहिला तो या काल्पनिक मालिकेत. तिच्या सहाव्या भागासाठी डेमन लिंडेलॉफ आणि काळे लेखक कॉर्ड जेफर्सन यांना एमी पुरस्कार मिळाला.

ब्रिटनमध्ये छोट्या पर्वाची परंपरा जुनीच आहे. 'फॉल्टी टॉवर्स'चे एकूण भाग बारा. १९७५ चे सहा आणि १९७९ चे सहा. त्याच देशातल्या, घानातून आलेल्या कुटुंबातल्या मिकेला कोल यांनी 'आय मे डिस्ट्रॉय यू' ही बारा भागांची मालिका एकटीने लिहिली. बलात्कारानंतरच्या विस्कळीत स्मृतीची ती कथा. नेटफ्लिक्सने त्यांना दहा लाख डॉलर देऊ केले होते, पण हक्काचा लहानसा वाटाही लेखिकेकडे ठेवायला नकार दिला. कोल यांनी तो सौदा नाकारला आणि मालिका बीबीसीकडे नेली. २०२१ मध्ये मर्यादित मालिकेच्या लेखनाचा एमी मिळवणाऱ्या त्या पहिल्या काळ्या स्त्री ठरल्या. 'नकार' हा आपल्या साहित्याचा बीजशब्द. इथे तो एका करारनाम्यावर उमटलेला दिसतो.

तरी या घाटाची किंमत काय पडली? आठ भागांत मुख्य पात्राशी जोडलेले नाही ते सगळे गळते. मोठ्या पर्वात 'भरतीचे' म्हणून हिणवलेले भाग असत. कथा पुढे न नेणारे, एखाद्या शेजाऱ्याचे, परिचारिकेचे, झाडूवाल्याचे. त्या भरतीतच कधी कधी दुय्यम माणसाला तोंड फुटे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या 'फॅमिली मॅटर्स' या काळ्या कुटुंबाच्या मालिकेत एका भागापुरता आलेला शेजारचा मुलगा स्टीव्ह अर्कल पुढे मालिकेचा प्राण झाला. अशी घुसखोरी आठ भागांच्या पर्वात होत नाही. तिथे सगळे आधीच लिहून संपलेले असते. नट काय करतो, प्रेक्षक कशाला दाद देतो, हे लेखकाला कळेपर्यंत लेखकच कामावरून गेलेला असतो.

६

'लेखकच गेलेला असतो' हे अलंकारिक विधान नाही. स्ट्रीमिंगच्या काळात 'मिनी रूम' ही पद्धत आली. मालिका मंजूर होण्याआधीच तीन-चार लेखकांना आठ-दहा आठवड्यांसाठी बोलवायचे, किमान दर द्यायचा, सगळ्या भागांची रचना काढून घ्यायची आणि मग त्यांना घरी पाठवायचे. चित्रीकरण पुढे कित्येक महिन्यांनी होते. तेव्हा शोरनर एकटाच उरतो. नव्या लेखकाने ना चित्रीकरण पाहिले, ना संकलन. चाळीस आठवड्यांची शाळा दहा आठवड्यांची मजुरी झाली.

मजुरीचे गणितही फसवे होते. निर्मात्याच्या पायरीवरच्या लेखकांना भागामागे मोबदला मिळे. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बाईला हजारामागे मजुरी मिळते, तसेच हे. समजा, एका भागाचा मोबदला दोन आठवड्यांच्या कामाचा धरलेला आहे. आठ भागांचे सोळा आठवडे झाले. पण काम बत्तीस आठवडे लांबवले, तर भागाचा दर तोच राहून आठवड्याची मजुरी निम्मी होते. कागदावर कोणीही कपात केलेली नसते. शिवाय दोन पर्वांमध्ये दोन-दोन वर्षांचे अंतर, आणि स्ट्रीमिंगवर शंभर भागांची विक्री नाही, म्हणून पुनःप्रक्षेपणाचा धनादेशही आटलेला. लेखकांच्या संघटनेच्या, म्हणजे रायटर्स गिल्डच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार किमान दरावर काम करणाऱ्या मालिका-लेखकांचे प्रमाण दशकापूर्वी एक तृतीयांश होते, ते निम्म्यावर आले होते.

याचा फटका सर्वांना बसला, पण सारखा बसला नाही. ज्याच्या बापाचे घर लॉस एंजेलिसमध्ये आहे तो दहा आठवड्यांच्या कामावर वर्ष काढू शकतो. जो पहिल्या पिढीत या धंद्यात आला, ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे, तो काढू शकत नाही. काळे, लॅटिनो, आदिवासी मूळ असलेले लेखक मोठ्या संख्येने आत येऊ लागले ते नेमके याच काळात. म्हणजे दार उघडले तेव्हाच जिना काढून घेतला गेला. खालच्या खोलीत सर्वांना प्रवेश, वरच्या मजल्यावर जाण्याचा मार्ग मात्र बंद. प्रतिनिधित्वाची जाहिरात करायला एवढे पुरते. सत्तेत वाटा द्यायला पुरत नाही.

२ मे २०२३ रोजी सुमारे साडेअकरा हजार लेखक संपावर गेले. जुलैमध्ये नटांची संघटनाही उतरली. १९६० नंतर दोन्ही संघटना एकाच वेळी संपावर असण्याची ही पहिलीच वेळ. लेखकांचा संप १४८ दिवस चालला आणि २७ सप्टेंबरला मिटला. करारात छोट्या पर्वाचा प्रश्न आकड्यांत बांधला गेला. मंजूर मालिका सहा भागांपर्यंतची असेल तर किमान तीन लेखक, सात ते बारा भागांची असेल तर पाच, तेरा किंवा अधिक भागांची असेल तर सहा. एकाच लेखकाने सगळे भाग लिहिले तर याला अपवाद. मंजुरीपूर्व खोलीसाठीही किमान दहा आठवड्यांच्या कामाची हमी. काही लेखकांना चित्रीकरणाच्या काळात कामावर ठेवणे. सर्वांत खालच्या पायरीवरच्या स्टाफ रायटरला आठवड्याच्या पगाराशिवाय त्याने लिहिलेल्या संहितेचेही मानधन. ते तोवर मिळत नव्हते, हे वाचून आश्चर्य वाटेल. यंत्राने तयार केलेल्या मजकुराला लेखक मानायचे नाही, हेही ठरले.

संपानंतर कंपन्यांनी मालिकाच कमी काढल्या आणि लेखकांचे काम घटले. तेव्हा विजय पूर्ण नव्हता. तरी जिना हा उपकार नसून हक्क आहे, हे करारात लिहून घेतले गेले. दरम्यान मोठ्या पर्वाची उपयुक्तताही पुन्हा ध्यानात येऊ लागली आहे. क्विंटा ब्रन्सन या काळ्या लेखिकेच्या 'अॅबट एलिमेंटरी' या फिलाडेल्फियातल्या सरकारी शाळेवरच्या मालिकेचे पहिले पर्व १३ भागांचे होते आणि दुसरे २२ भागांचे. तिथे शाळेच्या सफाई कामगारालाही स्वतःचे मत आहे, विनोद आहे, आयुष्य आहे. २०२५ मध्ये आलेल्या 'द पिट' या इस्पितळावरच्या मालिकेने स्ट्रीमिंगवर असूनही १५ भाग घेतले.

७

आता आपल्याकडे वळू. आपल्या दूरदर्शनवर लांबी आणि आखूडपणा दोन्ही होते. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेली 'हम लोग' दीडशेहून अधिक भाग चालली. १९८८ मध्ये भीष्म साहनींच्या कादंबरीवरची गोविंद निहलानींची 'तमस' मोजक्या भागांत संपली. तिच्या आरंभी नथू हा चांभार आहे. त्याच्याकडून एक डुक्कर मारून घेतले जाते आणि ते कशासाठी हे त्याला सांगितले जात नाही. दंगलीचे कारण त्याच्या हातून घडवले जाते, फायदा दुसरेच घेतात. फाळणीची कथा नथूपासून सुरू करणे छोट्या मालिकेला जमले.

पुढे दैनंदिन मालिकांचा काळ आला. मराठीत 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून अधिक भाग चालली. एवढ्या प्रदीर्घ काळात दिवाणखाने, देव्हारे, दागिने पुरेसे दिसले. वस्तीतले घर मात्र अशा मालिकांच्या केंद्रस्थानी क्वचितच आले. लांबी म्हणजे न्याय नव्हे, हे सांगायला आपल्याला एमेट टिलपर्यंत जाण्याचीही गरज नाही. २०१९-२० मध्ये स्टार प्रवाहवर डॉ. बाबासाहेबांच्या जीवनावर दैनंदिन मालिका झाली, तेव्हा घराघरांत रोज त्यांच्यासाठी वेळ राखला गेला. हा वेळ मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. त्याआधी २०१४ मध्ये श्याम बेनेगल यांनी राज्यसभा टीव्हीसाठी संविधान सभेच्या कामकाजावर 'संविधान' दहा भागांत केली. एकाच महापुरुषाकडे जाण्याच्या या दोन वाटा आहेत, एक रोजच्या सहवासाची आणि दुसरी युक्तिवादाची. दोन्ही लागतात.

आणि स्ट्रीमिंग? २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'मेड इन हेवन'चे दुसरे पर्व आले. एकूण भाग सात. त्यांतला पाचवा भाग नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केला. त्यात उच्चशिक्षित दलित स्त्री आपले बौद्ध पद्धतीचे लग्न लपवायला नकार देते. आपल्या अनेक विद्यार्थ्यांनी तो भाग मोबाइलवर पाहिला आणि डोळे पुसले. पण सातांपैकी एक भाग. तो संपला की ती वधू पडद्यावरून जाते आणि मालिका श्रीमंतांच्या पुढच्या लग्नाकडे वळते. त्या भागानंतर एका दलित लेखिकेने आपल्या जीवनानुभवाचे श्रेय मागितले. निर्मात्यांनी तो दावा फेटाळला. त्या वादाचा निवाडा इथे करायचा नाही. पण प्रश्न उरतोच की, ती कथा लिहिली जात असताना त्या खोलीत कोण कोण बसले होते, आणि पुढच्या पर्वासाठी त्यांतले कोण बोलावले जाईल?

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात लेखकाचा रॉयल्टीचा हक्क मान्य झाला. पण किमान किती लेखक, किमान किती आठवडे, चित्रीकरणाच्या जागी कोण, अशी हमी देणारा अमेरिकेसारखा उद्योगव्यापी करार इथे नाही. आपले तरुण मुंबईत लिहायला जातात. त्यांना काम मिळते ते बहुधा संवादाचे, 'बोली'चे, 'वस्तीचा बाज' देण्याचे. चार आठवडे, एकरकमी पैसे, नाव मिळेल याची खात्री नाही. जुनी गावकी बलुत्याच्या नावाने हेच करत होती. काम घ्यायचे, वाटा ठरवायचा आपण.

म्हणून पडद्यावर आपली कथा आली की टाळ्या वाजवून थांबू नये. ती किती भागांची आहे, ती कोणी लिहिली, लिहिणाऱ्याला किती आठवडे कामावर ठेवले, पुढची पायरी त्याच्यासाठी आहे का, हे विचारण्याची सवय आपल्या चळवळीने आणि आपल्या वर्गांनी लावून घेतली पाहिजे. तिकडच्या लेखकांनी १४८ दिवस रस्त्यावर उभे राहून एवढेच विचारले होते. चावडीवर बोलू दिले जाते आहे, ही सुरुवात झाली. किती वेळ बोलायचे हे ठरवण्याच्या जागी आपला माणूस बसेल, तेव्हा वाटप बदलले असे म्हणता येईल.